माफ केलंय, पण दावा मागे घेणार नाही

वडील गेले २०२१च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. एसटीत कंडक्टर होते, सांगली डेपोला. पीपीई किट घातलेल्या चार माणसांनी त्यांना पुरलं. आई आणि मी लांब उभे होतो, पाळकसाहेबांनी दोन मिनिटांत प्रार्थना आटोपली. आटोपावीच लागली, मागे आणखी एक गाडी उभी होती.

घरी येऊन मोबाईल उघडला तर मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सदतीस मेसेज. त्यातल्या निम्म्याहून अधिक मेसेजमध्ये एकच चित्र होतं: गुलाब, गुलाबावर दवबिंदू, आणि खाली नेहमी आनंदी राहायला सांगणारं बायबलचं वचन. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या रात्री मला ते चित्र आज्ञेसारखं वाटलं. तुझा बाप गेला असेल, पण चेहरा नीट ठेव.

तीन महिन्यांनी दुसरी आज्ञा आली. कोरेगाव तालुक्यात आमची आजोबांपासूनची थोडी जमीन आहे. काका आईला दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन गेले. वारसांची नावं लावायची आहेत, सही लागेल म्हणाले. आईने सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. तो कागद हक्कसोडपत्राचा होता हे तिला वर्षभराने कळलं, तलाठ्याकडे सातबारा काढायला गेली तेव्हा. त्यावर तिचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं.

तिने वकील गाठला. त्या आठवड्यात मंडळीतले एक वडीलधारे घरी आले. चहा घेतला, प्रार्थना केली आणि म्हणाले, "ताई, क्षमा करा. विसरून जा. भावाभावांचं कोर्टात गेलं तर आपली साक्ष बिघडेल."

साक्ष म्हणजे काय, हे ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. आम्ही कसे जगतो हे पाहून लोकांनी ख्रिस्ताची पारख करावी, या जबाबदारीला आम्ही साक्ष म्हणतो. शब्द फार मोठा आहे. आणि आमच्याकडे तो सगळ्यात जास्त वापरला जातो तो कुणाला तरी गप्प बसवायला.

हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे. क्षमेच्या विरोधात नाही, आनंदाच्या तर अजिबात नाही. मी अजूनही दर रविवारी उपासनेला जातो, हिंजवडीतली नोकरी आणि शनिवार रात्रीचं डिप्लॉयमेंट सांभाळून. माझं म्हणणं असं की क्षमा आणि आनंद या आमच्या दोन सर्वांत अवघड गोष्टी आम्ही सर्वांत स्वस्त करून टाकल्या आहेत, आणि त्याची किंमत नेहमी ज्याचं नुकसान झालंय त्याच्याकडूनच वसूल होते. तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी थांबा. 'जाऊ दे, सोडून दे, आपलंच माणूस आहे' हे वाक्य प्रत्येक धर्माच्या घरात बोललं जातं, आणि बहुतेक वेळा ते घरातल्या बाईलाच ऐकवलं जातं.

माझ्या कामात बग सापडला की त्याचं तिकीट काढतात. कधीकधी एखादा घाईतला माणूस काहीही न दुरुस्त करता तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' करून टाकतो. डॅशबोर्ड हिरवा दिसतो, मॅनेजर खूश होतो, आणि पुढच्या महिन्यात तोच बग ग्राहकाच्या तोंडावर फुटतो. त्या वडीलधाऱ्यांना आईकडून नेमकं हे हवं होतं. तिकीट बंद करा, मंडळीचा डॅशबोर्ड हिरवा राहू दे.

आता शास्त्राकडे येऊ, कारण हे लोक शास्त्राचाच दाखला देतात. पेत्र येशूला विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा पुरे का? येशूचं उत्तर सातावर थांबत नाही, सत्तरच्या पटीत जातं. मत्तयच्या शुभवर्तमानाचा हा अठरावा अध्याय आहे, आणि प्रत्येक शब्बाथ शाळेत तो शिकवतात. पण त्याच अध्यायात, या प्रश्नाच्या काही ओळी आधी, येशू दुसरं काही सांगतो. भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जा आणि त्याचा दोष त्याला सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना साक्षीला ने. तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढे मांड. आपल्या भाषेत ही तक्रार करण्याची पद्धत झाली, पायऱ्यांसकट. पेत्राचा क्षमेचा प्रश्न त्याच्यानंतर येतो. आम्ही पहिल्या पायऱ्या गाळल्या आणि थेट शेवटावर आलो. आईच्या बाबतीत काकांकडे कोण गेलं होतं? कुणीच नाही. वडीलधारे थेट आईकडे आले, कारण आई ऐकणार होती आणि काका ऐकणार नव्हते.

दुसरा गाल पुढे करण्याची शिकवणही आम्हाला तोंडपाठ आहे. पण योहानाच्या शुभवर्तमानात, प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना एक शिपाई येशूच्या तोंडात मारतो. तेव्हा येशू काय करतो? तो विचारतो की मी चुकीचं बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि बरोबर बोललो असेन तर मला मारतोस का? बांधलेल्या हातांनी विचारलेला हा प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी क्रुसावरून हाच माणूस मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. प्रश्न विचारल्यामुळे त्याची क्षमा खोटी ठरत नाही.

आणि तो गुलाबाचा फोटो? नेहमी आनंदी राहा हे वचन पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं आहे. पत्र लिहिताना तो कैदेत होता. पण त्याआधी तो खुद्द फिलिप्पैतही कैदेत पडला होता, त्याची गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांमध्ये आहे. पौल आणि सीला यांना भर चौकात फटके मारून तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री दोघं गाणी म्हणत होते. आमची प्रवचनं इथे संपतात. गोष्ट संपत नाही. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की यांना सोडा, गुपचूप जाऊ द्या. पौल म्हणाला, नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशी न करता आम्हाला लोकांसमोर मारलंत आणि आता चोरून घालवता? ज्यांनी हुकूम दिला त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. अधिकाऱ्यांना यावं लागलं, विनवावं लागलं. रात्री गाणारा आणि सकाळी नागरिकत्वाचा हक्क मागणारा माणूस एकच आहे. त्याला या दोन गोष्टींत काही विरोध दिसला नाही. आम्हालाच का दिसतो?

मला वाटतं याचं कारण असं की आमच्याकडे संतांच्या गोष्टी धुऊन, इस्त्री करून सांगतात. साताऱ्याचंच उदाहरण घ्या. नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्याला येऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती. दोन वर्षांत, मे १९१९मध्ये, ते वारले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते सांगत. आमच्या उपासनेत त्यांची गीतं आजही गातात. थोर माणूस, वाद नाही.

पण या थोर माणसाने १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याची बायको त्याच्याबरोबर नव्हती. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिलं तर एका ब्राह्मण घरातल्या बाईचा नवरा जिवंतपणी नातेवाइकांना मेल्यासारखा झाला होता, आणि पदरात लहान मुलगा होता. त्या ताबडतोब 'क्षमा' करून मागोमाग गेल्या नाहीत. रडल्या, चिडल्या, नातेवाइकांकडे राहिल्या, मग नगरला आल्या, तिथेही आधी सोवळं-ओवळं सांभाळत वेगळं मांडून राहिल्या. स्वतःच्या डोक्याने एकेक गोष्ट तपासली. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मध्ये पाच वर्षं गेली.

आणि पुढे 'स्मृतिचित्रे' लिहायला बसल्या तेव्हा टिळकांचा तापट स्वभाव, घरात पैसा नसताना लोकांना वाटून टाकण्याची सवय, घर सोडून जाणं, सगळं लिहिलं. तेही असं की वाचताना हसू येतं. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं ते मोबाईलवर, पुणे-सांगली लाल डब्यात, आणि कराडपर्यंत एकटाच हसत होतो. या पुस्तकात कुठेही नवऱ्याबद्दल कडवटपणा नाही. पण विसरणंही नाही. ज्या नवऱ्याची चूक त्यांनी लपवली नाही, त्याचंच अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे लिहिलं. मला विचाराल तर मराठीत क्षमेवर लिहिलेलं सर्वांत खरं पुस्तक हे आहे, आणि त्यात क्षमेवर प्रवचन नाही. झालेलं सगळं आठवत असताना, त्याची नोंद असताना, राग निघून गेला आहे. स्मृती पुसून आलेली क्षमा आणि ही क्षमा यांत फरक आहे. पहिलीला आम्ही गोडीत 'मोठं मन' म्हणतो, खरं तर तो विसरभोळेपणा असतो किंवा भीती.

पंडिता रमाबाईंचं पाहा. १८९७मध्ये पुण्यात प्लेग आला, इंग्रज सरकारने कॅम्प आणि तपासण्या सुरू केल्या. रमाबाई ख्रिस्ती, राज्यकर्ते ख्रिस्ती, देणगीदार परदेशी ख्रिस्ती. गप्प बसायला याहून सोयीची कारणं कुठली? त्यांनी कॅम्पात स्त्रियांचे जे हाल होत होते त्याबद्दल जाहीर पत्र लिहिलं, आणि मुंबईच्या गव्हर्नरला त्याची दखल घ्यावी लागली. 'आपल्याच लोकांची' साक्ष बिघडेल हा विचार त्यांना शिवला नाही.

यावर नेहमी एक आक्षेप येतो, तो प्रामाणिक आहे म्हणून घेतो. क्षमा बिनशर्त असते ना? मग दावा चालू ठेवून केलेली क्षमा ही क्षमा कसली, तो तर क्षमेचा मुलामा दिलेला सूड झाला.

उत्तरासाठी ओडिशात जावं लागेल. २२ जानेवारी १९९९च्या रात्री मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, यांना गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं. त्या लगेच देश सोडून गेल्या नाहीत, बारीपदातल्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमाचं काम त्यांनी पुढे कित्येक वर्षं चालवलं. आणि खटला? तो चालला. २००३मध्ये दारा सिंगला फाशी झाली, २००५मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. ग्लॅडिस यांची क्षमा त्यांच्या मनातली गोष्ट होती, त्यावर त्यांचा हक्क होता. खटला त्यांच्या एकटीचा नव्हता. उद्या दुसऱ्या कुणाची गाडी पेटू नये ही सगळ्यांची गरज होती. क्षमा माझ्या आतला द्वेष संपवते. न्याय बाहेरचं नुकसान मोजतो, भरून काढतो, पुढचं थांबवतो. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की दोन्ही बिघडतात. कोर्टाकडून मनःशांती मिळत नाही, आणि क्षमेने सातबाऱ्यावर नाव लागत नाही.

हा फरक आता आमच्या जिल्ह्यात केवळ घरगुती राहिलेला नाही. २०२५च्या जूनमध्ये सांगलीत एका विवाहित तरुणीने आत्महत्या केली. सासरी धर्मांतरासाठी छळ होत होता असा आरोप झाला. पाठोपाठ सांगलीतल्या मोर्चात एका आमदाराने ख्रिस्ती धर्मगुरूंना मारणाऱ्यांसाठी लाखांची बक्षिसं जाहीर केली. जुलैमध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर राज्यभरातले ख्रिस्ती निषेधासाठी जमले.

त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज होते. एक, क्षमा करा, प्रार्थना करा, बाहेर काही बोलू नका. दुसरा, आमचा छळ होतोय, आम्ही शेवटच्या काळातले हुतात्मे. मला दोन्ही खटकले. दोन्हींत ती मुलगी कुठेच नव्हती. एक तरुण जीव गेला होता आणि आम्ही आमच्या प्रतिमेची काळजी करत होतो. आधी तिच्यासाठी शोक करायला हवा होता, मोठ्याने, उपासनेत. आरोपांचं खरंखोटं कोर्ट ठरवेल. पण येशूचं नाव घेऊन घरातल्या कुणावर कुणी जबरदस्ती करत असेल, तर ते पाप आहे हे वेदीवरून सांगायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. ते सांगितल्याने साक्ष बिघडत नाही. न सांगितल्याने ती बिघडली.

आणि त्यानंतर, तेवढ्याच स्पष्टपणे: माणसांना मारण्यासाठी बक्षीस लावणाऱ्या भाषणाची तक्रार पोलिसांत गेलीच पाहिजे. बोलणाऱ्याला मी क्षमा करीन, त्यासाठी प्रार्थनाही करीन, अवघड आहे पण करीन. तक्रार मागे घेणार नाही. कारण ते भाषण ऐकून उद्या दगड उचलणारा पोरगा माझ्याच वयाचा, माझ्याच कॉलेजातला असेल, आणि त्याचंही आयुष्य वाचायला हवं.

राहिला आनंद. तो मी शेवटी ठेवला, कारण त्याबद्दल माझं ज्ञान सगळं उसनं आहे, आईच्या आईकडून घेतलेलं. आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये नर्स होती. विल्यम वॉनलेस या डॉक्टरने १८९४मध्ये उभं केलेलं हे हॉस्पिटल, सांगलीजवळची वानलेसवाडी त्याच्याच नावाची. आजी चिडकी होती. देवावरही चिडायची. मोठा मामा लहानपणी गेला तेव्हा तिने सहा महिने प्रार्थना केली नाही, हे ती स्वतः सांगायची, लाज न वाटता. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तिला पाठ होतं. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. ते कुणी गुलाबावर छापत नाही. पण ते बायबलात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. विठोबाला शिव्या घालणाऱ्या जनाबाईच्या महाराष्ट्राला हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. ज्याच्याशी भांडता येतं त्याच्यावरच विश्वास असतो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. आमच्या घरात ते खिडकीपर्यंत होतं. आम्ही एका शाळेत होतो, चार वर्गखोल्यांत दोनशे माणसं. पहिल्या रात्री आजी रडली, तिची ट्रंक आणि लग्नाचं बायबल पाण्यात होतं. पुरावर, धरणांवर, सरकारवर, देवावर बोलून झालं. मग पहाटे चारला उठून तिने एका बाळंतिणीच्या खालची ओली चादर बदलली आणि बाळ पुसताना काहीतरी बडबडून त्या मुलीला हसवलं. मी विचारलं, आजी, तुला आता बरं वाटतंय का? म्हणाली, "बरं कुठलं वाटतंय? पण चादर ओली होती."

त्यानंतर कुणी आनंदाची व्याख्या विचारली की मला ती चादर आठवते. आनंद म्हणजे बरं वाटणं असेल तर तो आज्ञा देऊन येत नाही, फोटो पाठवून तर नाहीच. पण सगळं बुडालेलं असताना समोरच्याच्या उपयोगी पडण्याची आणि त्यात हसण्याची ताकद शिल्लक राहणं, हे शिकता येतं. आजी ते चाळीस वर्षं नाइट ड्युटीत शिकली होती.

म्हणून माझी मंडळीकडे मागणी साधी आहे. कुणाचं माणूस गेलं तर गुलाब पाठवू नका, डबा पाठवा. कुणावर अन्याय झाला तर आधी अन्याय करणाऱ्याच्या घरी चहाला जा. आणि क्षमा करायला सांगायची असेल तर स्वतःचं काय नुकसान झालंय आणि आपण कुणाला क्षमा केली ते आधी सांगा. नसेल सांगता येत तर शेजारी बसा, गप्प.

आईचा दावा कोरेगावच्या कोर्टात अजून चालू आहे. गेल्या वर्षी काकांची बायपास झाली. आई साताऱ्याला हॉस्पिटलात जाऊन दोन रात्री काकूंच्या सोबतीला राहिली. काका रडले, म्हणाले, वहिनी, मला माफ करा. मी तिथेच होतो. आई म्हणाली, "भाऊजी, माफ केव्हाच केलंय. पण दावा मागे घेणार नाही. कागद दुरुस्त करा, मग मीच वकिलाला सांगते."

काकांनी अजून कागद दुरुस्त केलेला नाही. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे. मागच्या तारखेला काकांना उभं राहवेना, तेव्हा आईने बाकावर सरकून त्यांना जागा दिली आणि पुकारा होईपर्यंत दोघं मक्याच्या भावाबद्दल बोलत बसले.